आप्पांच्या नावावर आलेलं चलान

मी कामावरून घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. हातात आप्पांचा फोन. आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन तेव्हा अडीच वर्षं होत आली होती. तरी त्यांचा तो बटणांचा फोन आई रोज चार्जिंगला लावायची, आणि महिना भरला की कळंब्याच्या नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन त्यात रिचार्ज मारून यायची. मी एकदा चिडून विचारलं होतं, त्या फोनवर आता कोण बोलणार आहे? ती म्हणाली होती, कुणी नको बोलायला, नंबर तेवढा जित्ता राहू दे. त्यावर मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही, आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा.

"ह्यांच्या नावानं मेसेज आलाय," आई म्हणाली. "नाव हाय बघ त्यात."

आईला इंग्रजी येत नाही. पण आप्पांचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते तिला पाठ होतं. तीस वर्षं त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर तिनं ते बघितलं होतं. त्या संध्याकाळी तिचा चेहरा असा उजळला होता, की बाहेरगावी गेलेल्या माणसाचं पत्र आलं असावं. मी हेल्मेट काढलं, चष्मा घातला आणि वाचलं. शाहूपुरीतल्या एका चौकात, सोमवारी सकाळी, तुमच्या गाडीनं लाल सिग्नल तोडला आहे. खाली गाडीचा नंबर, दंडाची रक्कम, आणि सगळ्यात वर आप्पांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

"विम्याचा हाय," मी म्हटलं. "गाडीचा विमा भरायचा आलाय."

आईनं फोन पदरानं पुसला आणि परत आप्पांच्या फोटोखाली ठेवून दिला.

आप्पा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. कोल्हापूर-निपाणी, कोल्हापूर-जयसिंगपूर, असं करत बत्तीस वर्षं त्यांनी स्टेअरिंग धरलं. साधुसंत नव्हते. तंबाखू खायचे. निपाणीच्या लाईनवर शिकलेल्या कानडी शिव्या समोरून येणाऱ्याला सढळ हातानं वाटायचे. मी स्कूटर चालवायला लागले आणि ते मागे बसले, की त्यांचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत असायचा, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. पण अपघात न करता गाडी चालवल्याबद्दल डेपोत बिल्ले मिळायचे, ते त्यांच्याकडे होते. आईनं ते पावडरच्या जुन्या डब्यात कापसावर ठेवलेत. आमच्या घरात सोनंनाणं म्हणाल तर तेच.

आप्पा गेले, विहारात त्यांचं पुण्यानुमोदन झालं, आणि त्यानंतर त्यांचं नाव एकेका कागदावरून निघायला लागलं. रेशनकार्डावरून निघालं, लाईट बिलावरून निघालं, पासबुकावरून निघालं. दर वेळी आई माझ्याबरोबर यायची, आणि दर वेळी खिडकीपलीकडचा माणूस तिच्या डोळ्यांदेखत एक निळी रेघ ओढायचा. रेशन ऑफिसातून बाहेर पडल्यावर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, माणूस एकदाच मरतंय, ह्यांना किती वेळा मारणार ही लोकं. त्या दिवशी मी ठरवलं, की मी चालवते ती त्यांची स्कूटर तरी आप्पांच्या नावावर राहू द्यायची.

नियम मला माहीत नव्हता असं नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, माझा जन्म कागदात गेला. मालक वारला की ठरावीक मुदतीत गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. पण आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या मयतांच्या नावावर फिरतात. कोण सासऱ्याची चालवतो, कोण थोरल्या भावाची. आरटीओत हेलपाटे कोण घालणार, हे लोकांना सांगायचं कारण. नाव काढायला हात धजत नाही, हे खरं. गाडीचा विमा आप्पांच्या नावानं यायचा, धुराच्या तपासणीची पावती आप्पांच्या नावानं यायची, आणि आई ते सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवायची. मला वाटायचं, ह्यात कुणाचं काय वाईट होतंय?

आता त्या सोमवारचं. मला कसलीही घाई नव्हती. ऑफिस सुरू व्हायला चांगली पंधरा मिनिटं होती आणि तिथून माझं ऑफिस चार मिनिटांवर. सिग्नल लाल होता, मी थांबले होते. शेजारचा एक मोटरसायकलवाला डावी-उजवी बघून निघून गेला. त्याच्यामागून दुधाचे कॅन लावलेला एक गेला. मग माझ्या मागच्यानं हॉर्न धरला आणि ओरडला, "ओ मावशी, काढा की गाडी!" मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. मावशी ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर उतरून त्याला दोन शब्द सुनवायला हवे होते. ते सोडून मी गाडी काढली. बास, एवढंच घडलं.

घरी मेसेज आल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन माझ्या फोनवर गाडीचा नंबर टाकून चौकातल्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो उघडून बघितला. पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध गाडी. वर मी, पण मी म्हणून ओळखणार कोण? ओढणीनं तोंड बांधलेलं, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर हेल्मेट. त्या फोटोत माझी खूण अशी एकही नव्हती. नंबर आप्पांच्या गाडीचा आणि खाली नाव आप्पांचं. मला वाटलं, दोन मिनिटांत पैसे भरून टाकावेत आणि विषय मिटवावा. कार्डाचा नंबर घालून झाला, आणि साईट बंद पडली. माझ्यातली सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असं लिहायला मला आवडलं असतं. पण साईट बंद पडली, हेच खरं आहे. उद्या भरू म्हणून मी झोपले आणि मग तीन दिवस ते राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी रिचार्जची तारीख होती. आईनं दुकानदाराला सहज म्हणून तो विम्याचा मेसेज वाचायला सांगितला, की तारीख कधीची आहे ती कळावी. त्यानं वाचून दाखवला.

मी घरी आले तेव्हा दिवा लावलेला नव्हता. आई आप्पांच्या फोटोसमोर पाटावर बसली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं.

"विमा न्हवं त्यो," ती म्हणाली. "सिग्नल तू तोडलास?"

मी हो म्हटलं.

"मग त्यांच्या नावावर का?"

मी समजावून सांगितलं. चौकातल्या कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, गाडीचा नंबर कळतो, आणि नंबरावरून मालकाचं नाव निघतं. उद्या सकाळी मी दंड भरते, की झालं. आईनं ऐकून घेतलं. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण ड्रायव्हरच्या बायकोला डेपोचा कायदा माहीत असतो. ड्रायव्हरला मेमो आला, की त्यानं त्याला उत्तर द्यायचं असतं. उत्तर न देता जो गुपचूप दंड कापून घेतो, त्यानं केलं असं धरलं जातं. तिनं एवढंच विचारलं, की भरलं म्हणजे ह्यांनी केलं असंच लागणार ना त्यांच्या नावापुढं? लागणार, मी म्हटलं. आणि मग माझी जीभ सैल सुटली. मी म्हटलं, आई, आप्पा गेलेत, त्यांना आता काय फरक पडतोय?

तोंडातून शब्द गेला आणि मला तो परत गिळावासा वाटला. आई उठली, दिवा लावला, परातीत पीठ घेतलं आणि भाकरीला बसली. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी भांडी जरा जास्तच आपटली.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वाहतूक शाखेत गेले. तिथं टेबलावर एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी नंबर टाकून चलान काढलं, फोटो बघितला आणि सहज विचारलं, की गडबडीत होता काय म्याडम.

"आई आजारी होती," मी म्हटलं. "दवाखान्यात चाललेले."

हे मी ठरवून गेले नव्हते. आमच्या ऑफिसात एका पोराचे आजोबा एका वर्षात तीनदा वारले होते, आणि तिसऱ्या वेळी मीच त्याला पकडून सगळ्यांसमोर उभा-आडवा झाडला होता. उशिरा आलेल्या अर्जावरचं खोटं कारण मला वासावरून कळतं, अशी माझी ख्याती. आणि माझ्याच तोंडात ते किती तयार होऊन बसलं होतं! वर मी बीपी वाढलेलं असंही जोडून दिलं.

हवालदार एकदम मऊ झाले. बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मालक कोण म्हणून विचारलं, मी वडील म्हटलं, वारलेत म्हटलं. ते म्हणाले, मग काळजी कशाला करताय, मयताला कोर्टात कोण बोलावणार? भरा आणि मोकळ्या व्हा. मी म्हटलं, मला ते वडिलांच्या नावावर नको आहे, चूक माझी आहे, माझ्या नावावर करून द्या. त्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं नीट उलगडून सांगितलं. गाडी मी चालवत होते असा अर्ज मी द्यायचा, बरोबर माझं लायसन आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडायचा. गाडी माझ्याच ताब्यात होती म्हणून आईनं येऊन सही करायची. मग चलान माझ्या नावावर होईल. पण ह्याला एक शेपूट होतं.

"मालक मयत हाईत हे एकदा मला कागदावर कळलं, की गाडी तशीच त्यांच्या नावावर फिरवा असं मी म्हणू शकत न्हाय," ते म्हणाले. "लगेच आरटीओला जाऊन नाव बदलून घ्यावं लागंल. ह्यातलं एकच तेवढं घ्यायचं असं न्हाय चालत म्याडम."

मी बाहेर येऊन गाडीवर बसले. आत येताना मला वाटलं होतं, की खरं सांगायचं म्हणजे आपल्या मानेवर ओझं घ्यायचं. ते मी घेतलंही असतं. पण इथं खऱ्याची किंमत मी मोजणार नव्हते, आई मोजणार होती.

त्या संध्याकाळी मी तिला दोन्ही वाटा सांगितल्या, काही न लपवता. मी गुपचूप दंड भरला, तर आप्पांनी सिग्नल तोडला असं कॉम्प्युटरात कायमचं राहील, पण गाडी त्यांच्या नावावर राहील. मी चूक माझी म्हणून लिहून दिलं, तर तो डाग पुसला जाईल, पण गाडीवरचं नावही जाईल.

"मग सरकारात त्यांचं नाव कुठं ऱ्हातंय?" आईनं विचारलं.

मी मनात सगळे कागद फिरून आले. रेशन, लाईट, बँक, पेन्शन.

"कुठंच न्हाय," मी म्हटलं.

ती बघते म्हणाली. मग तीन-चार दिवस रोज सकाळी मी गाडी काढताना ती बाहेर येऊन उभी राहायची. एकदा तिला मी गाडीच्या सीटवरून हात फिरवताना बघितलं. मला बघून तिनं लगेच फडकं घेतलं आणि धूळ पुसल्यासारखं केलं. मी आंधळी असल्यासारखी निघून गेले.

रविवारी थोरला भाऊ जयसिंगपूरहून आला. त्याचं तिथं दुकान आहे. येताना नेहमीसारखी भडंगाची पिशवी आणि नेहमीसारखा माझ्यावरचा राग घेऊन आला. आईनं फोनवर त्याला सगळं सांगितलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. दंड भरून टाकायचा, नाव राहू द्यायचं, कॉम्प्युटरात जाऊन बघतंय कोण? शिवाय चूक माझी, आणि नाव मात्र आप्पांचं काढायला मी निघालेली, हा कुठला न्याय? मी भडंगाची पिशवी उचलली आणि डब्यात ओतायला घेतली.

आई नुकतीच विहारातून वंदना करून आली होती, अंगावर पांढरी साडी तशीच होती. ती आमच्या मधे येऊन बसली आणि तिनं आम्हा दोघांना कधीच माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. आप्पांच्या बिल्ल्यांत एका वर्षाचा बिल्ला नाही. आम्हाला वाटायचं, त्या वर्षी डेपोनं दिलेच नसतील. खरं असं झालं होतं, की पहाटेची पहिली गाडी घेऊन आप्पा शिरोळच्या बाजूला चालले होते. धुकं होतं. रस्त्याच्या कडेला उसाची बैलगाडी सोडलेली होती, गाडीवान खाली पोतं अंगावर घेऊन झोपलेला. आप्पांच्या गाडीचा मागचा कोपरा तिच्या चाकाला घासला आणि चाक मोडलं. बैलांना, माणसांना काही झालं नाही. गाडीत प्रवासी तीन, तेही झोपेत. कंडक्टर म्हणाला, चला, कुणी बघितलं न्हाय. आप्पांनी गाडी थांबवली, गाडीवानाला उठवलं, आणि डेपोत परत आल्यावर स्वतःच्या हातानं लिहून दिलं. त्या वर्षीचा बिल्ला गेला. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, पोरांना सांगू नकोस, मोठेपणा वाटंल.

"त्यांनी केलेलं त्यांनी सांगितलं," आई म्हणाली. "आता न केलेलं त्यांच्या अंगावर ऱ्हाऊ द्यायचं व्हय? न्हाय म्हणून सांगायला बी ते येऊ शकत न्हाईत."

भाऊ सही कुठं करायची असेल तिथं करतो म्हणाला, आणि जेवायला वाढ म्हणाला.

सोमवारी मी आईला घेऊन वाहतूक शाखेत गेले. अर्ज मी आदल्या रात्रीच ऑफिसच्या भाषेत नीटनेटका लिहून ठेवला होता. हवालदारांनी मला ओळखलं, उठून आईला खुर्ची दिली, आणि मनापासून विचारलं, "आता तब्बेत कशी हाय मावशी? बीपी उतरलं काय?"

आईनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता ती सांभाळून घेईल. आया सांभाळून घेतात. मीही कुणाची आई असते तर घेतलं असतं.

"मला काय झालंय?" आई म्हणाली.

मी सांगितलं. सिग्नलचं कारण म्हणून मी ह्यांना तुझं आजारपण सांगितलं होतं, असं तिच्यासमोर आणि त्यांच्यासमोर सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा माणूसही ऐकत होता.

"मी ठणठणीत हाय साहेब," आई हवालदारांना म्हणाली. "हिला कसलीबी गडबड न्हवती त्या दिवशी." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "दर रविवारी विहारात काय म्हणतीस गं? पंचशीलातलं चौथं काय हाय?"

सत्तेचाळीस वर्षांची मी, पोलिसांच्या ऑफिसात, दुसरीतल्या पोरीसारखी उभी होते.

"खोटं बोलणार न्हाय," मी म्हटलं.

हवालदारांनी आमच्यावरची नजर काढून टेबलावरची फाईल उगाच सरळ केली. मला त्यांचे त्यासाठी आजही आभार मानावेसे वाटतात. माझ्या अर्जातही तेच कारण लिहिलेलं होतं, आईच्या अचानक उद्भवलेल्या आजारपणामुळे. मी तो अर्ज परत मागून घेतला आणि फाडला. त्यांनी एक कोरा कागद दिला. त्यावर मी चारच ओळी लिहिल्या. अमुक दिवशी, अमुक चौकात, सिग्नल लाल असताना मी गाडी पुढे नेली. गाडीचे मालक, माझे वडील, त्याआधीच वारलेले होते. त्यांचा ह्यात काही संबंध नाही. चूक माझी आहे. आयुष्यात मी हजारो अर्ज वाचले आणि शेकडो लिहून दिले, पण एवढ्या जड हातानं एकही लिहिला नव्हता.

हवालदारांनी वाचला. "कारण लिवलेलं न्हाय," ते म्हणाले.

"कारण न्हवतंच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि आईपुढे सहीसाठी कागद सरकवला.

पंधरा-वीस दिवसांनी चलान माझ्या नावावर झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला. त्याच दिवशी मी ते भरलं, पावती छापून आईला दिली. तिनं तीत आप्पांचं नाव नाही ना ते बघून घेतलं आणि पावती मला परत दिली. आप्पांच्या कागदांच्या पिशवीत तिला ती ठेवायची नव्हती.

मग आरटीओ. फॉर्म, मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं, गाडीचे कागद, असा गठ्ठा घेऊन आम्ही तिघंही गेलो. भाऊ मुद्दाम दुकान बंद ठेवून आला होता. खिडकीपुढे रांग होती, उकाडा होता, आणि आत कॉम्प्युटरसमोर एक तरुण कारकून होता, ज्याच्याशी सकाळपासून कुणी धड बोललं नसावं अशा चेहऱ्याचा. आमचा नंबर आला. त्यानं कागद उलटेपालटे केले, भावाची सही झाली, माझी झाली. आईचा कागद त्यानं पुढे केला आणि पेनानं खूण करून दाखवली, की इथं.

आईनं पेन घेतलं नाही.

"पावणं," ती खिडकीतून वाकून म्हणाली, "सही करायच्या आदी एक बघून सांगा. ह्या गाडीवर ह्यांच्या नावानं काय हाय का?"

तो म्हणाला, ते आम्ही बघतोच आज्जी, काही बाकी असलं तर नाव बदलतच नाही. आई म्हणाली, तरी बघा. मागून कुणीतरी काय चाललंय म्हणून कुरकुरलं. भाऊ मागे वळला, तो माणूस गप्प झाला. कारकुनानं नंबर टाकला आणि पडद्यावर बघत राहिला.

"एक चलान आलतं," तो म्हणाला. "ते चालवणाराच्या नावावर गेलंय, भरून बी झालंय. मालकांच्या नावावर काय न्हाय."

"पैल्यापासनं?"

"गाडी घेतल्यापासनं काय न्हाय आज्जी. कोरं हाय."

आईनं त्याला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. तो वैतागेल असं मला वाटलं. पण त्यानं पडद्यावरून नजर काढून पहिल्यांदाच आईकडे नीट बघितलं, आणि पुन्हा सांगितलं, सावकाश.

"मग काढा आता नाव," आई म्हणाली.

तिनं पेन घेतलं. आईची सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. आधी तिनं स्वतःचं लिहिलं. मग मधे आप्पांचं लिहायला लागली, काना, मात्रा, कुठंही घाई न करता. मी तिच्या खांद्यामागे उभी होते. मला रडू फुटलं, आणि मी ते ओढणीनं लपवलं नाही. कारकून कागद ओढून घ्यायला हात पुढे करून बसला होता. तिचं लिहून होईपर्यंत तो तसाच थांबला.